माझ्या कडीचा लाल दोरा

"अंगावर नाव नव्हतं म्हणून काय ते रिकामी झाली? घरावर पाटी नसली तं आत माणसं नसते का रे?" जमनीबाई म्हणाली.

"मावशी, मशीन पाटीच पाहते. तिले दुसरं काय दिसन?" शाम म्हणाला.

हे सकाळपासून चाललं आहे आणि ते माझ्यावरून चाललं आहे. मी एक डिस्क आहे, वणीतल्या एका छातीच्या दवाखान्यातली. तळहाताएवढं माझं अंग, पण आठ वर्षं मी हजारो माणसांच्या फासळ्या सांभाळल्या. एक एक्स-रे फोटो मागे-पुढे झाला नाही. परवापर्यंत. आज मी कोरी आहे. फोटो गेले. कोणाचा हात लागला, कोण काय बोललं, ते मात्र माझ्या लक्षात आहे. ते माझ्या पोटातल्या, फोटो लिहायच्या चकत्यांवर नव्हतंच, मग पुसणार कुठून.

मी एस.टी.च्या पार्सलातून इथे उतरले, एका पेटीत वीस बहिणी. ह्या खोलीत चार मोठ्या मशिनी आहेत. शाम त्यांना नोड म्हणतो, जमनीबाई डबे म्हणते. प्रत्येक डिस्क कुठल्या तरी डब्याची असावी लागते, आणि त्या मालकाचं नाव तिच्या अंगावरच लिहून ठेवतात, जुन्या बायांच्या हातावर गोंदण असतं तसं. ते नाव असेपर्यंत दुसरा डबा तिला उघडत नाही.

कोणती डिस्क कोणत्या डब्याला द्यायची, हे जमनीबाई ठरवायची. चौथी शिकलेली बाई. फरशी पुसायला आली होती, ती पुसता पुसता शिकली. कोणी शिकवलं नाही, उलट दोघा-तिघांनी हटकलं. एका पेटीतल्या डिस्का एकाच सुमाराला आजारी पडतात हे तिनं पाहून पाहून ओळखलं, म्हणून एका फोटोच्या दोन प्रती ती कधी सख्ख्या बहिणींकडे देत नसे. साहेब लोक आधी हसले, मग तिला विचारून काम करू लागले.

मग ठरलं की हे काम आपोआप व्हावं. प्रोग्रॅम लिहिणारा शाम तिच्याजवळ दोन दिवस बसला, एकेक गोष्ट विचारली आणि लिहून घेतली. पोरगा वाईट नाही. पेटीची गोष्टही त्यानं घातली. आता दर पाच मिनिटांनी प्रोग्रॅम फेरी मारतो. बिननावाची डिस्क दिसली की कमी भरलेल्या डब्याला देतो, तिच्यावर नवं नाव घालतो आणि जुनं लिखाण असेल तर पुसतो. पंधरा दिवस सगळं सुरळीत. जमनीबाई स्टुलावर बसून नुसती दिवे लुकलुकताना पाही. माणसं एखाद्याचं डोकं काढून घेतात आणि मग म्हणतात, आता आराम करा.

एक गोष्ट मात्र तिनं सांगितली नव्हती. डिस्कवरचं नाव काढलं पण पोटात माल आहे, अशी डिस्क असली की जमनीबाई तिच्या कडीला लाल दोरा बांधायची. हात लावू नका, एवढाच त्याचा अर्थ. झाडूवाल्यालाही तो ठाऊक होता. जे सगळ्यांना दिसतं ते सांगायचं कशाला, असं तिला वाटलं.

आता डोंगरसिंगचं ऐका. राजूरकडे कोळसा भरण्यात त्यानं एकोणीस वर्षं काढली. ह्या महिन्यातल्या फोटोत त्याच्या फुप्फुसावर रुपयाएवढा डाग निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आठ वर्षांपूर्वीही हाच डाग असेल, एवढाच असेल, तर त्याला हात लावायचा नाही. नसेल तर नागपूरला जाऊन छाती उघडावी लागेल. जुना फोटो काढा. तो फोटो माझ्याकडे होता. दुसरी प्रत ज्या डिस्कवर होती ती उन्हाळ्यात गेली, आणि माझा डबा मागच्या आठवड्यात बंद पडला.

परवा दुपारी जमनीबाईनं मला त्या मेलेल्या डब्यातून काढलं, त्याचं नाव माझ्या अंगावरून उतरवलं, कडीला दोरा बांधला आणि तिसऱ्या डब्याच्या मोकळ्या खणात बसवलं. फोटो शोधायला जुन्या कागदावरचा नंबर हवा होता, तो डोंगरसिंगच्या तांड्यावर राहिला होता. "घेऊन ये, तुहा फोटो कुठी पळत नाई," असं तिनं त्याला सांगितलं आणि माझ्या दोऱ्याची गाठ एकदा ओढून पाहिली.

पाच मिनिटांत प्रोग्रॅम आला. त्याला नाव दिसलं नाही. दोरा त्याला दिसत नाही.

पुसलं जाताना दुखत नाही. दुखलं असतं तर निदान काही गेल्यासारखं वाटलं असतं.

"दोऱ्याचं तुम्ही सांगतलं असतं तं मी दोन ओळी टाकल्या असत्या," शाम म्हणाला.

"दोन दिवस माह्या मांडीजवळ बसला होता. समोर तीन डिस्कीले दोरे होते. पाह्यले नाही?"

"पाह्यले."

"मंग विचारलं काहून नाही?"

शाम खाली पाहत होता. "मले वाटलं देवाचा हाय. दसऱ्याले मशिनीले बांधतेत तसा. म्हटलं, मावशीची श्रद्धा हाय, कायले विचारा."

जमनीबाईनं माझ्या दोऱ्याची गाठ बोटानं चाचपली. तिनं सांगितलं नाही, कारण तिला वाटलं सगळ्यांना समजतं. त्यानं विचारलं नाही, कारण त्याला वाटलं आपल्याला समजलं. मधल्या मधे मी कोरी झाले.

आता माझ्यावर तिसऱ्या डब्याचं नाव आहे. उद्यापासून नव्या माणसांच्या फासळ्या येतील. मी त्या नीट ठेवीन, मला दुसरं येत नाही. तुमच्याकडे कुणी आपलं एकुलतं एक काही ठेवायला दिलं असेल, तर खुणेवर विसंबू नका बाबांनो, तोंडानं सांगा. तो दोरा अजून माझ्या कडीला आहे. सोडायचं कोणाला सुचलं नाही.

"पण मावशी, रिपोर्टात कोणाची चूक लिहू?" शामनं विचारलं. "वरून फोन येऊन राह्यले. तुमची का माही?"

जमनीबाईनं दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. बाकड्यावर डोंगरसिंग कागद मांडीवर सरळ करत बसला होता.

"चूक कोणाची ते मंग लिहू, पहिले त्याले सांगाले तू येतं का मी एकटीच जाऊ?"