यायचं नाही, पण बोलावणं हवं

दोघी बहिणींत ती लहान, म्हणून ताई तिला धाकटी म्हणायची. तिची नोकरीही ताईनेच ओळखीतून लावून दिली होती, त्यामुळे कामावरही तेच नाव चिकटलं. काम कवळ्या करण्याचं. औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत सगळे जिला मावशी म्हणत, ती मेणाच्या हिरड्या घडवायची आणि धाकटी त्यांत दात बसवायची. मागच्या खोलीत काका मशीनवर कवळ्यांना पॉलिश करायचे. मालक बहुतेक वेळ दवाखान्यांच्या फेऱ्या मारत असत. सगळीकडे मेणाचा आणि प्लास्टरचा वास भरलेला असायचा. धाकटीला तो आवडायचा.

आपल्याला ऑटिझम आहे, हे तिला चाळिशीच्या तोंडावर कळलं. त्याला स्वमग्नताही म्हणतात, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या दिवशी घरी येऊन ती ताईला म्हणाली, "शब्द चुकलाय. मी कुठे स्वतःत मग्न असते? मी तर सगळ्यांचं ऐकत असते. फक्त बोलायची माझी पाळी कधी येते, तेच कळत नाही. कळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो."

त्यामुळे ती असूनही कोणाच्या लक्षात राहायची नाही. माणसं वाईट नव्हती. चहाला निघताना दारातून "चला रे चला" अशी हाक यायची. ती हाक आपल्यालाही आहे का, याचा विचार धाकटी करायची तोवर मंडळी जिना उतरून गेलेली असायची.

एका सोमवारी ती कामावर आली, तेव्हा मावशी आणि मालक फोनवरचे फोटो बघून हसत होते. काकांनी नवीन घर घेतलं होतं आणि आदल्या दिवशी गच्चीवर सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. फोटोत पार्सलं पोचवणारा माणूस होता, खालच्या औषधवाल्याची सासूसुद्धा होती. धाकटी नव्हती. तिने एका दाताची कड घासायला घेतली, ती नको तितकी घासली गेली. दात फेकून द्यावा लागला.

घरी सांगितल्यावर ताईचा पारा चढला. "उद्या येते आणि एकेकाला झाडते!"

"नको. तू झाडलंस तर ते तुला घाबरून मला बोलावतील. मीच विचारते."

दुसऱ्या दिवशी ती मागच्या खोलीत गेली. काका मशीनवर वाकले होते आणि त्या घरघरीत त्यांना ती आल्याचा पत्ताच नव्हता. ती बराच वेळ उभी राहिली. शेवटी तिने हात लांब करून मशीनचं बटण बंद केलं. काका दचकले.

"काका, रविवारी तुम्ही मला बोलावलं नाहीत. मला वाईट वाटलं."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला. "अगं, तू दर वेळी नाही म्हणतेस. म्हटलं, उगाच कशाला तुला अवघडल्यासारखं करायचं?"

"नाही म्हणते ते खरं. सगळे एकदम बोलायला लागले की माझं डोकं भणभणतं. पण कोणी विचारलं की मला दिवसभर बरं वाटतं."

मावशी केव्हाची दारात येऊन उभी होती. "म्हणजे यायचं नाही, पण बोलावणं हवं?"

"हो."

"अगदी आमच्या सासूबाई!" मावशी खो खो हसत सुटली. काकांनाही हसू आवरेना.

"तुम्ही मला हसताय का?" धाकटीने विचारलं. तिला ते खरंच जाणून घ्यायचं होतं.

"छे गं, सासूबाईंना! आणि हसतील त्यांचे दात दिसतील. माझे तर दिसायलाच हवेत, माझ्या कवळीत तूच बसवलेत ना!" मावशी म्हणाली.

मग धाकटीही हसली. जरा उशिरा, पण मनापासून.

काका गंभीर झाले. "चुकलंच आमचं. विचारायला काय जातं? बरं, या रविवारी ये. गर्दी नाही, फक्त मी आणि तुझी काकू. नाही म्हणालीस तरी चालेल."

धाकटी विचार करत राहिली. मध्येच मावशीने तोंड उघडलं, तर काकांनी हातानेच तिला गप्प केलं.

"येते," धाकटी म्हणाली.

त्या आठवड्यात मावशी रोज तिच्या टेबलाशी येऊन विचारायची, "चहाला येतेस?" धाकटी बहुतेक वेळा नाही म्हणायची. "बरं. पण मी विचारलंय हं!" असं बजावून मावशी जिना उतरायची. धाकटी पुन्हा दात बसवायला घ्यायची, आणि हात हलके चालायचे.

रविवारी काकूने दार उघडलं, "ये" म्हणाली, आणि पुढे काय बोलावं ते तिलाच सुचेना. तिच्या हातात निळ्या लोकरीची लड होती. "धरतेस?" तिने विचारलं. धाकटीने दोन्ही हात पुढे केले. लड सुटत गेली, गुंडा वाढत गेला. काका गळक्या नळाची गोष्ट सांगत होते. सांगता सांगता खुर्चीतच घोरायला लागले.

"हुश्श," काकू हळूच म्हणाली. "मागच्या रविवारी माणसं गेली ना, तशी मी न्हाणीघरात जाऊन नुसती बसून राहिले."

"दिवा न लावता?"

"हो. तुला कसं कळलं?"

"मीही तसंच करते."

काकूने तिच्याकडे नीट पाहिलं आणि पिशवीतून दुसरी लड काढली.

संध्याकाळी ताई दारातच वाट बघत होती. "मग? काय काय बोललात?"

"फारसं काही नाही," चपला काढत धाकटी म्हणाली. "निळी लोकर संपली. पुढच्या रविवारी राखाडी आहे."