एकच खडा

आमचे हे खामगावच्या कॉलेजात शिकवत. लग्न ठरलं तेव्हा माझ्या बापानं, उकंडरावानं, अख्ख्या मोताळ्याले सांगतलं होतं, जवाई सायंटिस्ट आहे म्हणून. कायचा सायंटिस्ट! माझ्या स्वयंपाकघरात बर्फाची पेटी, अन् तिच्यात लोणारच्या खाऱ्या तळ्यातल्या जंतूंच्या नळ्या. मी म्हणे, "मले भाजी ठेवाले जागा नाही, अन् जंतूंले महाल!" हे नुसते हसत.

काम असं, की जंतू फोडायचे, त्यांच्या पोटातली प्रथिनांची एक गुंफण बाकी गाळातून निवडून काढायची, अन् गारव्यात तिचा खडा धरू द्यायचा, खडीसाखरेवाणी. बंगलोरच्या मशीनीत त्या खड्यावर क्ष-किरण सोडले की गुंफण कशी बांधली ते समजते. खडा धरावा म्हणून अमोनियम सल्फेट टाकत, आपलं वावरातलं खतच, पण शुद्ध केलेलं. मागच्या खेपी हे खडा घेऊन गेले, तं तो त्या खताचाच निघाला. तिथले साहेब हसले, "एवढ्या लांबून खत आणलं?" तेव्हापासून हा माणूस धड जेवला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात बर्फाचा कारखाना बंद पडला. साऱ्या नळ्या नासल्या, घरभर घाण वास. एका नळीत मात्र एकच खडा धरलेला, बाजरीच्या दाण्याएवढा. काय लख्ख होता माय! दुसऱ्या दिवशी बंगलोरले जायाले जलंब टेसनाहून गाडी होती. याही खेपी हात हालवत आले तं काम बंद, असं कॉलेजनं बजावलं होतं.

बाबा त्या दिवशी कापूस विकाले आलेले. यांचं उतरलेलं तोंड पाहून म्हणले, "जवाईबापू, आधी पारखून नाही पाहत का? आम्ही गाडीतून मूठभर कापूस काढतो, ओढून तोडतो, मंगच भाव लागते."

"पारख आहे," हे म्हणले. "सुईनं दाबायचं. खत असलं तं कट्ट वाजते. प्रथिन असलं तं मऊ, दबून लगदा होते."

"मंग दाबा ना! शितावरून भाताची परीक्षा."

"अहो बाबा, तुमची गाडीभर असते," मी म्हटलं. "इथं एकच आहे!"

"पुन्हा हसले तं?" हे माझ्याकडे पाहून म्हणले. "आता नाही सोसत मले."

दुधानं तोंड पोळलेला माणूस, त्याले काय समजावता! सुई माझ्याच डब्यातून घेतली. मी हात धरला, त्यांनी सोडवला. मंग मी मनात म्हणून राह्यली, वाज रे देवा, वाज. निदान गेलं तं खतच जाऊ दे.

आम्ही तिघं कान देऊन बसलो. सुई टेकली, खाली गेली. काहीच वाजलं नाही.

बाबा टाळी वाजवून उठले. "पाह्यलं? अस्सल निघाला! मी म्हणत नव्हतो? कौशल्या, साखर आण!"

हे सुईच्या टोकाले लागलेला तो चिकट लगदा पाहत बसले. मी साखर आणली. बाबानं ती यांच्या तोंडात घातली, पाठ थोपटली अन् विचारलं, "मंग उद्याची गाडी किती वाजता?"