घड्याळ मिळवण्याआधी

"अक्का, आज सोमवार. नेहमीसारखं मिळवून टाका की," कंट्रोल रूमचा ऑपरेटर विनोदकुमार म्हणाला.

कल्पनाने हातातली पेटी त्याच्या टेबलावर ठेवली. येलहंक्याजवळच्या त्या चाचणी केंद्रातले संगणक सुरक्षेसाठी कुठल्याच नेटवर्कला जोडलेले नव्हते. प्रत्येकाचं घड्याळ आपापल्या चालीने मागेपुढे सरके. पेटीतलं अचूक घड्याळ दर सोमवारी प्रत्येक इमारतीत नेऊन कल्पना बाकीची सगळी त्याच्याशी मिळवून घेई. लग्न होऊन साताऱ्याहून या कन्नड मुलखात आली, नोकरीला लागली, तेव्हापासून हेच. मधले दोन सोमवार मात्र ती आईच्या दिवसांसाठी साताऱ्याला होती आणि तिच्या जागी कुणालाच नेमलं नव्हतं.

नेमकी तेव्हाच चाचणीच्या हॉलमध्ये वाफेची नळी फुटली. परसू फिटरचा हात कोपरापर्यंत भाजला. धोक्याची घंटा वाजल्याची वेळ हॉलमधल्या संगणकात होती, विनोदकुमारने बंदचं बटण दाबल्याची इथल्या, कंट्रोल रूममधल्या. दोन्ही वेळा जुळत होत्या. म्हणजे विनोदकुमारने लगेच वाफ बंद केली. परसूनेच हात नको तिथे घातला असणार. चौकशी तिकडेच झुकली होती.

हॉलमधलं घड्याळ कल्पना आत्ताच तपासून आली होती. ते जवळजवळ बरोबर होतं. उरलं होतं हे. एकदा मिळवलं, की आधी किती चुकत होतं ते कुणालाच कळणार नव्हतं.

"तुम्ही जागेवर होता ना?" तिने विचारलं.

"स्वल्प कॉफी आणायला गेलतो. घंटा ऐकली, तसा पळतच आलो."

"चौकशीत सांगितलंत हे?"

"कोण विचारलंच नाही, अक्का."

आई गेल्याचा फोन आला, त्या दिवशी यानेच तिला यशवंतपूर स्टेशनवर पोचवलं होतं. गाडी हलेपर्यंत खिडकीपाशी उभा होता.

कल्पनाने केबल जोडली. इथलं घड्याळ अर्ध्या मिनिटाहून जास्त मागे होतं. ती ते तसंच ठेवून बाहेर गेली आणि विभागप्रमुख सुहास सरांना घेऊन आली.

"मिळवण्याआधी तुम्ही स्वतः बघा, सर."

सरांनी दोन्ही घड्याळं पाहिली. "म्हणजे बटण अर्धा मिनिट लेट दाबलंय. तुम्ही शुअर आहात?"

"हो."

"सरी, बरोबर आहे," विनोदकुमार हळूच म्हणाला. मग तिने घड्याळ मिळवलं.

परसूवरचा ठपका निघाला. बोटं मात्र त्याची पुन्हा नीट मिटली नाहीत. विनोदकुमारला स्टोअर्समध्ये टाकलं. कँटीनमध्ये तो दुसऱ्या टेबलावर बसू लागला.

पुढे एका सोमवारी स्टोअर्समधल्या संगणकाची पाळी आली. दोन्ही हातांत पेटी धरून कल्पना काचेच्या दारापाशी थांबली. विनोदकुमारने आतून पाहिलं. उठून आला, दार उघडलं आणि ती आत येईपर्यंत धरून उभा राहिला. मग टेबलावरचे खोके एकेक करून खाली उतरवत त्याने पेटीपुरती जागा केली.