गाठी फुटल्या, खुंट्या निघाल्या

"अरे, त्या टोपलीत नको ओतूस!"

आई ओट्यावरून उठेपर्यंत लेकानं पोत्यातलं रासायनिक खत बियाण्यात कालवलंही होतं. मघाच तिनं गुळाच्या पाण्यात जिवाणू खत मिसळून चवळीच्या बियांना चोळलं होतं, तान्ह्या बाळाला तेल लावावं तसं, आणि सावलीत पसरून ठेवलं होतं. डोळ्यांवर पडदा आल्यापासून तिला बोटांचाच भरवसा.

"काय बिघडलं? शेवटी मातीतच जाणार ना सगळं?"

"अरे, जिवाणू जिवंत असतात. खताच्या खारानं होरपळतात."

शेजारीच उभ्या बापाला तेवढंच हवं होतं. "सांग त्याला, शेणखतानं कुणी होरपळत नाही म्हणावं."

"सांग त्यांना, नुसत्या शेणखतावर पोटं भरत नाहीत."

दोघं हाताच्या अंतरावर उभे, पण एकमेकांशी बोलणं बंद; तोंडं दोन आणि कान तिचाच. शेत वाटून घ्यायचं ठरलं होतं; इकडे शेणखत, तिकडे पोतं. मधोमध खुंट्याही ठोकून झाल्या होत्या.

तिनं मनोमन देवाचं नाव घेतलं आणि दुसरं बियाणं चोळायला बसली.

"यंदाची पेरणी माझ्या हातची. शेणखत आधी मातीत मिसळा. पोत्यातलं जरासंच, बियाण्याच्या खाली, मध्ये मातीचा थर ठेवून. एका भांड्यात यांचं पटत नाही, एका शेतात पटतं. वाटणीचं फुलोऱ्याला बघू."

"आणि नाही पटलं तर?" लेकानं विचारलं.

"तर बांध मीच घालून देईन."

चवळी फुलावर आली तेव्हा तिनं खुरप्यानं एक रोप अलगद काढलं. मुळं गाठींनी लगडली होती.

लेक दचकला. "रोग पडला की काय?"

"रोग कसला! हेच तर जिवाणूंचं घर. नखानं फोड एक. आत लाल असेल तर कामाला लागलेत, नाहीतर आपले कष्ट फुकट." ती थांबली. "मला रंग कळत नाही रे. लाल आहे का?"

दोन डोकी एका मुळावर वाकली.

"लाल आहे," दोघं एकदमच बोलले आणि एकमेकांकडे बघतच राहिले.

मग बाप म्हणाला, "जा, त्या टोकाचंही एक बघ. हळू काढ हं, मूळ तुटेल." हे तिला सांगितलेलं नव्हतं.

लेक निघाला. वाटेत खुंटी आडवी आली, ती त्यानं उपटून लांब भिरकावली. धप्प आवाज झाला.

"काय टाकलंस रे?" आईनं विचारलं.

"तण गं," बापच म्हणाला.