गौरवीच्या दंडातली मी

मित्रांनो, मी एक इम्प्लांट आहे. आगपेटीच्या काडीएवढी लवचीक कांडी. कारखान्यात माझ्यात औषध भरलं, तेव्हाच माझं काम ठरलं : बाईला मूल नको असेल तोवर दिवस राहू द्यायचे नाहीत.

गोव्यात डिचोलीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी मला कारापूरच्या गौरवीच्या डाव्या दंडात, कातडीखाली बसवलं. तिची सिद्धी तेव्हा रांगत होती आणि गौरवीला बी.एड. पुरं करायचं होतं. मला बोटाने चाचपून ती नवऱ्याला म्हणे, "गोळी विसरायची धास्ती गेली बघा!" मी सुखावून जाई.

मग तिची पाळी बिघडली. दोन महिने आलीच नाही. दिवस गेले की काय, म्हणून ती घाबरून तपासून आली; तसं काही नव्हतं. नंतर आली ती थांबेना. माझं औषध तेच, काम तेच. मग चुकलं कुठे, मला कळेना.

गणपतीत, चवथीला, पाळी चालूच म्हणून गौरवी नैवेद्याच्या स्वयंपाकाला शिवू शकली नाही. तिच्या सासूबाई कमलाक्षी वैतागल्या. "काढून टाक गो ती कांडी!"

संध्याकाळी गौरवीला रडताना पाहून त्याच जवळ बसल्या. "माझी चार पोरां पाठोपाठ झाली. माका कोणी इचारूक नाय. तुका होयी काय नको, ता तूच सांग."

"माकाच कळना, आई."

परीक्षा आटोपल्यावर ती दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं बऱ्याच जणींना होतं. ठेवायची तर त्रासावर औषध देते, नको तर आजच काढते."

गौरवीने मला बोटाने एकदा चाचपलं. मग म्हणाली, "काढा."

मी थाळीत पडले. तिच्या दंडाला पट्टी बांधत असताना बेळगावकडची सुप्रिया आत आली. तिलाही अशीच कांडी बसवून घ्यायची होती.

"बरी हाय का हो ताई ही?"

"बरी आहे. हिच्यामुळे माझं शिक्षण झालं. पण पाळीचं आधी सगळं विचारून घ्या. मला कोणी सांगितलं नव्हतं."

बरी होते, तर काढलं का? नकोशी होते, तर बरी कशी? मला अजून उलगडलेलं नाही.

मित्रांनो, मला बसवून मोकळे होऊ नका. जिच्या दंडात मी असते तिला आधी नीट सांगा, मधूनमधून विचारा. आज ती एक म्हणेल, उद्या दुसरं. दोन्ही खरं माना.