खाली बांधलेली दोरी

सकाळीच शेजारच्या अंगणात भांडण जुंपलं, आणि तेही दोरीवरून. कपडे वाळत घालायची साधी सुती दोरी. सगळ्यांच्या घरी ती डोक्याच्या वर असते, शेजारी मात्र कमरेला लागेल इतकी खाली बांधलेली. सुनेला दिवस गेल्याचं कळलं त्याच दिवशी सासूनं ती खाली उतरवली होती. तेव्हापासून मेंढरं घेऊन निघालेल्या सासूच्या लेकाच्या पोटात ती रोज बसायची, कोकरं तिच्यात अडकायची आणि ओल्या चादरी मातीला टेकायच्या. त्या दिवशी कोरडा, बोचरा वारा सुटला होता. नुकती धुतलेली चादर धुळीत लोळत होती.

"आई, आता ही परत धुवायची कुणी?" सून म्हणाली.

"मी धुते. पण हात वर करायचे नाहीत."

"केले तर काय होतं?"

"पोराच्या गळ्याला नाळ आवळते."

"आणि झोपेत आळस दिला तर? हात बांधून झोपू का?"

"बांध," सासू म्हणाली. "दोरी मी देते."

मी कुंपणापलीकडून हसले. सून मला मावशी म्हणते, सासूला मी अक्का म्हणते. त्यामुळे दोघींची गाऱ्हाणी माझ्याच ओट्यावर येऊन बसतात. गाव मात्र अक्काला पाठीमागं नकोबाई म्हणतं. पोटभर जेवू नको, पोर मोठं होईल आणि अडेल. पाणी फार पिऊ नको, पोराला जागा उरणार नाही. दुपारी निजू नको, पोर आळशी निघेल. मेंढवाड्यात जाऊ नको, गाभडलेल्या, दिवस भरायच्या आत पिल्लू टाकलेल्या मेंढीची सावली पडेल. अक्का दारात उभी राहिली की तिचा नको आधी बाहेर यायचा आणि मागून ती.

आणि एवढं असून माणूस वाईट नव्हतं हो. सुनेचे पाय सुजले तर स्वतः गरम पाणी आणून द्यायची. देवापुढं दिवा लावताना तिचे ओठ हलायचे, आणि सुनेचं नाव घेऊनच ती थांबायची. धाकात ठेवायची ती भीतीपोटी. पण कसली भीती, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

दर आठवड्याला शाळेच्या खोलीत नर्सबाई येते. सातव्या महिन्यात सून तिच्याकडं गेली तेव्हा मी सोबत होते. वजन भरलं नाही म्हणून नर्सबाईनं कपाळाला आठ्या घातल्या.

"जेवत नाहीस का गं?"

सुनेनं मग सगळे नको एका दमात सांगून टाकले. नर्सबाई आधी हसली, मग गंभीर झाली.

"हात वर केल्यानं नाळेला काही होत नाही. धुणं वाळत घाल खुशाल. भूक लागेल तितकं जेव, पाणी भरपूर पी. पोराची पिशवी वेगळी, तुझं पोट वेगळं. दमलीस की कुशीवर झोप. आणखी काही?"

"मेंढीची सावली," सून म्हणाली.

"सावलीनं काय होणार आहे? सावली कुणाला चिकटते का?" नर्सबाई म्हणाली आणि पुढच्या बाईला हाक मारली.

झालं. सुनेनं सगळे नको एकाच गाठोड्यात बांधले आणि येता येता ओढ्यात सोडून दिले. त्या दिवशी ती पोटभर जेवली. दुपारी घोरली. अक्का भिंतीला टेकून तिच्याकडं बघत राहिली, जणू सून छपराच्या कडेवरून चालली आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत लेक चारा आणायला बाजाराच्या गावी गेला होता आणि अक्का दळणाला. मेंढवाड्यातून एका मेंढीचं ओरडणं येऊ लागलं. तसं ओरडणं ऐकलं की मेंढपाळाच्या पोरीला घरात बसवत नाही, आणि सून मेंढपाळाचीच पोर. मी कुंपणाशी येईपर्यंत ती बाहेर येऊन हौदाशी हात धूत होती. बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या, लुगड्यावर डाग होते.

"दिवस भरायच्या आधीच अडलं होतं मावशी. पिल्लू मेलेलंच आलं, पण मेंढी वाचली." तिचा चेहरा उजळला होता. "आईंना सांगू नका. सावली पुसायला झाडू घेऊन मागं लागतील."

मला तिचं कौतुकच वाटलं. पोट सांभाळत, गुडघ्यावर बसून, नुसत्या हातांनी तिनं एक जीव वाचवला होता.

मग दुसरी मेंढी गाभडली. मग आणखी एक. लेक मेलेली पिल्लं पोत्यात घालून लांब खड्ड्यात पुरायला न्यायचा आणि परत येताना कुणाशी बोलायचा नाही. अक्कानं मेंढवाड्याकडं तोंड करून बसणंच सोडलं. वारा थांबायचं नाव घेईना. जमिनीला भेगा पडल्या होत्या, आणि मेंढवाड्याचा आंबूस वास घराघरांत शिरत होता.

आणि एका सकाळी सून उठलीच नाही.

मला हाक मारायला लेक स्वतः आला. सून गोधडीत कुडकुडत होती. दात वाजत होते, अंगाला हात लावला तर चटका बसावा इतका ताप. कोरडा खोकला काढताना ती दोन्ही हातांनी पोट धरत होती.

"मावशी," ती इतकंच म्हणाली, "हे जाग आल्यापासून हललं नाही."

मी तिच्या पोटावर हात ठेवला. एरवी तिथं आतून कुणी दार ठोठावल्यासारखं व्हायचं. आता सगळं गप्प. मी मनातल्या मनात देवाला हाक मारली आणि तोंडानं म्हणाले, "गाडी बघ रे. दवाखान्यात न्यायचं हिला."

लेक धावला. दूधवाल्याची गाडी घेऊन तो अंगणात आला, आम्ही सुनेला दोन्हीकडून धरून उठवलं, आणि दारात अक्का उभी. चौकटीला दोन्ही हात लावून.

"तापात बाहेर काढायचं नको. वारा आहे."

"आई, बाजूला हो," लेक म्हणाला.

"नको म्हणते ना मी."

"तुझ्या नकोनं माझं पोर जाईल," लेक म्हणाला. आयुष्यात तो पहिल्यांदाच आईशी तसा बोलला असेल.

अक्काचे हात चौकटीवरून सुटले. ती उंबऱ्यावरच बसली. मग बोलू लागली, पण आमच्याशी नाही, समोरच्या मातीशी बोलल्यासारखी.

"तुझ्या आधी एक होतं माझं. पोटातच गेलं. असाच ताप, असाच बोचरा वारा. मला बैलगाडीत घालून नेलं आणि वाटेतच..." ती थांबली. "परत आल्यावर मी रोज आठवत बसायचे. मी काय केलं? तापाआधी काय काय केलं? धुणं वाळत घातलं होतं, हात वर करून. पोटभर जेवले होते, सणसणीत भूक होती. तांब्याभर पाणी प्याले. दुपारी डोळा लागला. आणि गाभडलेल्या मेंढीचं पिल्लू ओढून काढलं होतं, तुझा बाप घरी नव्हता म्हणून. यातल्या कशानं गेलं ते कुणी सांगितलं नाही. मी कुणाला विचारू? म्हणून मी सगळंच नको म्हणते."

अंगणात गाडीचं इंजिन तेवढं धडधडत होतं.

मग माझ्या खांद्यावर टेकलेली सून हळूच म्हणाली, "आई, मीपण काढलं. नुसत्या हातांनी. तुम्ही दळणाला गेला होता तेव्हा."

मला वाटलं, आता अक्का कपाळ बडवून घेईल. सांगितलं होतं ना म्हणेल. म्हणण्याचा तिला हक्कही होता. पण तिच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. तिनं सुनेचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, उलटेसुलटे करून पाहिले, आणि उंबऱ्यावरून उठली.

"चल," ती म्हणाली. "मीपण येते."

वाटेत सगळी माती अंगावर उडत होती. अक्का गाडीत सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. खड्डा आला की ती तिच्या पोटावर हात ठेवायची, जणू गाडीचा हादरा आपल्या हातानं झेलेल. मी नाम घेत होते. शब्द तोंडात कोरडे पडत होते. मधेच अक्का विचारायची, "हललं का गं?" आणि सून मान हलवायची. नाही. पुढच्या वळणावर पुन्हा, "हललं का?" पुन्हा नाही. शेवटी अक्कानं विचारणंच सोडलं.

मोठ्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, डोळ्यांखाली जागरणाच्या खुणा. तिनं ताप बघितला, छाती तपासली. "सर्दीताप दिसतो. बघू," असं काहीसं पुटपुटत ती लिहायला लागली. सून तर बोलण्याच्या स्थितीत नव्हती. लेक दाराशी टोपी चुरगाळत उभा. तेवढ्यात अक्का पुढं झाली. जी बाई दवाखान्याची पायरी कधी चढली नव्हती, ती टेबलाला धरून उभी राहिली.

"बाई, आमच्या मेंढ्या गाभडताहेत. हिनं मेलेलं पिल्लू हातानं काढलं."

डॉक्टरणीचा हात थांबला.

"हातमोजे होते?"

"आमच्यात कुठले मोजे?"

डॉक्टरीण उठलीच. नर्सला हाका गेल्या, रक्त काढलं, सलाईन लागलं, औषधाची सुई सलाईनच्या नळीत गेली. मग तिनं सुनेच्या पोटावर एक यंत्र टेकवलं आणि फिरवू लागली. इकडं, तिकडं, खाली. नुसती खरखर. अक्कानं माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं रुतली. यंत्र अजून फिरत होतं. लेकानं भिंतीकडं तोंड केलं. देवा, मी मनात म्हटलं, एकदा तरी ऐकू येऊ दे.

आणि खरखरीतून तो आवाज आला. धावत्या घोड्याच्या टापांसारखा, बारीक, भरभर.

"आहे," डॉक्टरीण म्हणाली. "पण धोका टळला असं मी म्हणणार नाही. मेंढ्या गाभडण्याचे काही आजार असतात. पिल्लाबरोबर पडणारी वार, रक्त, गर्भाचं पाणी, यांतून माणसाला लागतात. पोटुश्या बाईला तर फार वाईट. पण वेळेवर सांगितलंत. नाहीतर मी सर्दीतापच समजले असते."

अक्का अजून टेबलाजवळच होती.

"बाई, एक विचारू? जुनं आहे." आणि तिनं ते सगळं सांगितलं. जसं उंबऱ्यावर सांगितलं होतं तसंच, एकेक करून.

डॉक्टरणीनं लेखणी खाली ठेवली. "धुणं वाळत घातलंत त्यानं नाही गेलं, आजी. जेवलात त्यानंही नाही. पाणी प्यायलात, झोपलात, त्यात तुमची काही चूक नव्हती."

"आणि मेंढी?"

"ते असू शकेल. इतक्या वर्षांनी मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, आजी. माहीत नसलेल्या गोष्टीचा दोष कुणी स्वतःवर घेत नाही."

अक्कानं पदर तोंडाला लावला. रडली नाही. नुसती मान हलवत राहिली, जणू कुणी तिच्याकडं एकेक ओझं मागत होतं आणि ती देत होती.

सुनेला बरेच दिवस ठेवून घेतलं. ताप उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. एका पहाटे तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला आणि आतून एक लाथ बसली. आम्ही तिघीही बोललो नाही. बोललो तर थांबेल अशी भीती.

घरी आणताना डॉक्टरणीनं बजावून सांगितलं, बाळ हातात येईपर्यंत डोळ्यांत तेल घालून राहा. नर्सबाई आपणहून भेटायला आली. उंबऱ्यावर बसून म्हणाली, "अक्का, सावलीला मी हसले. मेंढीबद्दल विचारायला हवं होतं."

"मीपण सावलीच म्हणत राहिले ना," अक्का म्हणाली. "पिल्लू म्हणायला माझी जीभ उचलायची नाही." आणि तिनं नर्सबाईला चहा दिला.

त्याच संध्याकाळी लेक मेंढवाड्यातून आला आणि सवयीनं घरात शिरू लागला.

"थांब. तसाच आत नको," अक्का म्हणाली. "कपडे बाहेर काढ. हौदावर हात धू, साबण लावून. मग ये."

लेक निमूट मागं फिरला. सून ताटावर बसली होती. अक्कानं तिला न विचारता आणखी वाढलं, पाण्याचा तांब्या जवळ सरकवला आणि बाहेर गेली. बाहेरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला म्हणून मी अंगणात आले.

अक्का दोरी सोडत होती. टोकाचा जास्तीचा तुकडा तिनं विळ्यानं कापला आणि मेंढवाड्याचं फाटक त्यानं करकचून बांधलं, सुनेनं चुकूनही उघडू नये असं. मग उरलेली दोरी घेऊन ती खांबाशी आली. पाट ठेवला, त्यावर चढली आणि दोन्ही हात वर करून दोरी वरच्या खिळ्याला बांधू लागली. गाठ बसली तरी तिनं हात खाली घेतले नाहीत. वाऱ्यात, डोक्यावर हात धरून, ती तशीच उभी राहिली.

"आई, पुरे," सून दारातून म्हणाली. "हात दुखतील."

"दुखू दे," अक्का म्हणाली. "तू जेव."