गावठी कोंबड्याचं चायनीज

मुकुलचं पत्र येऊन सात महिने झाले होते, आणि शरदरावांनी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं.

पत्र हरवलं नव्हतं. शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ते जपून ठेवलेलं होतं, आणि दर दोन-चार दिवसांनी शरदराव ते काढून वाचत. मुकुल पुण्याच्या एका हॉटेलात आचारी होता. बापलेकांचं फोनवर बोलणं व्हायचं, पण ते 'जेवलास का' आणि 'पाऊस काय म्हणतो' यांच्या पुढे कधी सरकलं नाही. म्हणून काही महत्त्वाचं असलं की तो कागदावर लिही. वडिलांना कागदावरचंच नीट कळतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

पत्रात दोन गोष्टी होत्या. नोकरी सोडून महाडला यावं आणि घराच्या रस्त्याकडच्या खोलीत चायनीजचं छोटं हॉटेल काढावं, असं त्याच्या मनात होतं. खोली द्याल का, ही पहिली. दुसरी म्हणजे मागच्या पानावर लिहिलेली तिखट चायनीज चिकनची कृती. 'एकदा घरी करून बघा. महाडच्या माणसांना हे रुचेल का ते खरं खरं सांगा. तुम्ही म्हणाल तसं करीन.'

आता शरदराव पस्तीस वर्षं ग्रंथपाल. न वाचलेल्या पुस्तकाबद्दल त्यांनी कुणाला कधी बरं-वाईट सांगितलं नव्हतं. मग न चाखलेल्या पदार्थाबद्दल काय लिहिणार? आणि पत्नी कालिंदीबाई गेल्यापासून सहा वर्षं ते डब्यावर जगत होते. कढईला हात लावलेला नव्हता.

हे झालं चारचौघांत सांगण्याजोगं कारण. खरं कारण ती खोली. तिच्यात चार कपाटं भरून पुस्तकं होती. दोन हजार एकवीसच्या पुरात ती भिजली तेव्हा शरदरावांनी महिनाभर बसून एकेक पान सुटं केलं होतं, पंख्याखाली वाळवलं होतं. मुलगा हवा की पुस्तकं, असं कुणी तोंडावर विचारलं असतं तर ते मुलगा म्हणाले असते. पण कुणी विचारलं नाही. त्यांनी उत्तराचे अकरा मसुदे केले. प्रत्येकात काही ना काही खटकलं, आणि प्रत्येक मसुदा खणात गेला.

मंगळवारी संध्याकाळी ठाण्याहून लेकीचा, श्रियाचा फोन आला. मुकुलला मस्कतच्या एका हॉटेलाचं बोलावणं होतं. शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता. जायची त्याला हौस नव्हती, पण बाबांनी सात महिन्यांत शब्द काढला नाही म्हणजे त्यांना नकोच असेल, असं तो धरून चालला होता.

"बाबा, नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा," श्रिया म्हणाली. "पण काहीतरी म्हणा."

शरदरावांनी लगेच मुकुलला फोन लावला. जेवलास का, झालं. पाऊस काय म्हणतो, तेही झालं. मग "बरं, ठेवतो," असं म्हणून शरदरावांनी फोन ठेवला आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

बुधवारी सकाळी ते पिशवी घेऊन बाजारात गेले. सोया सॉस, व्हिनेगर, कॉर्नफ्लोर, सिमला मिरची, कांद्याची पात. यादीतलं एकेक खोडत आणलं. चिकन तेवढं उरलं. पिशवी ठेवून ते पुन्हा निघणार, तर दारात बयाबाई उभी, आणि तिच्या काखेत तांबडा कोंबडा.

बयाबाई डोंगरावरच्या कुडपण गावची. कालिंदीबाईंची तीस वर्षांची मैत्रीण. नाते गावी लेकीकडे, अमिताकडे जाताना ती वाटेत चहाला थांबे, आणि हात हलवत कधी येत नसे. घरात पुस्तकं आहेत म्हणून ती शरदरावांना गुर्जी म्हणायची.

"गुर्जी, घरचा हाय," कोंबडा पुढे करत ती म्हणाली. "तीनच्या गाडीनं मी जातंय. तवर रस्सा झाला तर दोन घास खाईन."

दारात आलेला कोंबडा बाजूला ठेवून दुकानातलं ब्रॉयलर आणायचं, तर तिला काय वाटेल? आणि कृतीत लिहिलं होतं, 'चिकन, बिनहाडाचं, अर्धा किलो.' कुठलं चिकन, ते लिहिलेलं नव्हतं. मुकुलला पुण्यात ब्रॉयलरखेरीज दुसरं काही दिसत नव्हतं म्हणून त्याने लिहिलं नाही, आणि शरदरावांना कागदाबाहेरचं दिसत नव्हतं म्हणून त्यांनी कुणाला विचारलं नाही. ते कोंबडा घेऊन चिकनवाल्याकडे गेले आणि हाडं काढून द्या म्हणाले. गावठी कोंबड्याची हाडं काढायची ना काका, असं त्याने दोनदा विचारलं. शरदराव दोन्ही वेळा लाजून हो म्हणाले. त्याने मांस एका पिशवीत दिलं, हाडं दुसऱ्या.

घरी येऊन त्यांनी पत्र मसाल्याच्या डब्याला टेकवून उभं केलं आणि हातातलं घड्याळ काढून शेजारी ठेवलं. मांसाला सॉस, मीठ, कॉर्नफ्लोर चोळून बरोबर वीस मिनिटं ठेवलं. आलं-लसूण बारीक चिरलं. चिरताना दोन बोटं कापली, पण त्याचा उल्लेख कृतीत नसल्यामुळे ते थांबले नाहीत. पुढे लिहिलं होतं, 'कढईतून धूर येईपर्यंत तेल तापवा.' शरदरावांनी धुराची वाट पाहिली. थोडा आला, तो पुरेसा की कमी, हे कळेना, म्हणून आणखी वाट पाहिली. मग त्यात दहा सुक्या मिरच्या टाकल्या.

पुढचं काही वेळ कुणालाच नीट दिसलं नाही. बयाबाई पदर तोंडाला लावून अंगणात गेली. शेजारचे देवव्रत वकील कोर्टात निघाले होते. ते खोकत खोकत खिडकीशी आले आणि आग लागली आहे का, असं त्यांनी विचारलं. "स्वयंपाक चाललाय," शरदराव आतून म्हणाले. वकिलांना हे आगीपेक्षा अवघड वाटलं असावं, कारण ते काळा कोट काढून हातावर घेऊन आतच आले.

शरदरावांनी घड्याळाकडे बघत मांस मोठ्या आचेवर चार मिनिटं परतलं, निम्म्या भाज्या टाकल्या, आणखी एक मिनिट परतलं. रंग सुरेख आला होता. वासही असा की वकिलांनी कोर्टाचं नाव काढलं नाही. शरदरावांनी एक तुकडा उचलून तोंडात टाकला आणि चावू लागले. चावत राहिले. वकिलांनीही एक घेतला.

"चव उत्तम आहे, शरदराव," शेवटी गाल एका बाजूला करून वकील म्हणाले. "फक्त हा अजून जबाब देत नाही."

शरदराव स्टुलावर बसले. आता मुलाला खरं काय लिहायचं? त्याची कृती वाईट, की आपला हात? खरं लिहावं तर तो मस्कतला जाणार, आणि खोटं लिहिण्याची सवय नाही. बयाबाईने त्यांचा चेहरा पाहिला आणि काय झालं ते विचारलं. शरदरावांनी तिला सगळं सांगितलं. खोलीचं, पुस्तकांचं, सात महिन्यांचंही. हे त्यांनी आजवर श्रियालाही सांगितलं नव्हतं.

बयाबाईने ऐकून घेतलं.

"पोरगा घरी येतो म्हनतो, नि तुमी त्याला उत्तर नाय दिलंत?"

"नाही दिलं."

"त्या पुस्तकांपायी?"

शरदरावांनी कढईकडे बघत मान हलवली.

"गुर्जी, हा कोंबडा दोन वरसं डोंगर चढलाय. त्यो चार मिनटांत नरम कसा व्हईल? तुमास्नी सात महिने लागले." असं म्हणून ती उठली. "कुकर कुठं हाय?"

कुकर कृतीत बसत नाही, असं शरदराव म्हणून बघत होते, पण तोवर कढईतलं मांस कुकरमध्ये गेलं होतं. त्याच्या मागोमाग हाडंही गेली, वर तांब्याभर पाणी. आठ शिट्ट्या झाल्या. तेवढ्यात बयाबाईने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या आणि वकिलांनी पुढची खोली हिंडून पाहिली.

"शरदराव, एक विचारू? पुराच्या गावात पुस्तकं खालच्या मजल्यावर कोण ठेवतं हो?"

"वर न्यायची होतीच. गुडघे नाहीत."

"मग गुडघेवाला येतोय ना पुण्याहून."

कुकर उघडला. हाडांवरचं पाणी तांबूस, दाट, झणझणीत झालं होतं. ते वाट्यांत ओतलं. मऊ झालेलं मांस शरदरावांनी पुन्हा कढईत टाकलं. या वेळी धुराची वाट पाहिली नाही. उरलेली सिमला मिरची आणि पात टाकून दोन मिनिटं मोठ्या आचेवर परतलं, आणि तिघंही जमिनीवर बसून जेवली. वकिलांच्या कपाळावर घाम आला तरी ते वाढून घेत राहिले. बयाबाईने तर वाटी भाकरीने पुसून काढली.

"ह्याला चायनीज म्हनतात व्हय," ती म्हणाली. "चांगला हाय. पन पोराला सांगा, भाकरी ठेव."

अडीच वाजले होते, वकील कोर्टात गेले होते. शरदरावांनी हात पुसला न पुसला आणि ताटाशेजारीच कागद घेतला. मसुदा करायला वेळ नव्हता.

'चि. मुकुल, अनेक आशीर्वाद. तुझं चिकन केलं. आधी रबरासारखं झालं, तो दोष माझा. कोंबडा कुडपणचा होता. गावठी असेल तर आठ शिट्ट्या, हे कृतीत घाल. देवव्रत वकील तीनदा वाढून घेऊन कोर्टात उशिरा गेले. बयाबाई भाकरी ठेव म्हणते. महाडला हे रुचेल. मिरच्या दहा जास्त होतात, सहा पुरे. खोली तुझी आहे. पुस्तकं वर न्यायची आहेत, ती तू आल्यावर ने. मी सात महिने उत्तर दिलं नाही, कारण मला त्या पुस्तकांचं वाईट वाटत होतं. हे तुला सांगायला लाज वाटली. मस्कतला नाही म्हण. बाबा.'

दोन ठिकाणी खाडाखोड होती, आणि एका कोपऱ्यात तेलाचं बोट उमटलं होतं. दुसरा कागद घ्यावा असं त्यांच्या मनात आलं. पण बयाबाई दारात पिशवी घेऊन उभी होती, तिला गाडी गाठायची होती. त्यांनी कागदाची घडी घालून पाकिटात टाकली.

तिला वाटेला लावून ते पोस्टात गेले. स्पीड पोस्टच्या खिडकीशी दोघं पुढे होते. ते सरकेपर्यंत शरदरावांनी पाकीट एकदा उघडायला घेतलं आणि पुन्हा चिकटवलं. कारकुनाने पत्ता वाचला, उद्या नाहीतर परवा पोचेल म्हणाला, वर पट्टी चिकटवली आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.